ईएमएम३८६ सुरू केले की कार्डे अधूनमधून बंद पडतात : डॉसच्या जुन्या संगणकावर मेमरी आणि कार्डांची सेटिंग लावण्याचा क्रम

एमएस-डॉस ६.२२ आणि विंडोज ३.११ चालवणाऱ्या ३८६ व ४८६ संगणकांबाबत एक तक्रार वारंवार ऐकू येते आणि तिचे स्वरूप जवळपास सारखेच असते. यंत्र नीट चालू होते, छोटे प्रोग्रॅम चालतात, पण एखादा मोठा प्रोग्रॅम मेमरी अपुरी असल्याचा संदेश देऊन बाहेर पडतो. मेमरी मोकळी करण्यासाठी ईएमएम३८६ हा डॉससोबत येणारा मेमरी सांभाळणारा प्रोग्रॅम जोडला जातो किंवा मेमरीची मांडणी आपोआप करणारा मेममेकर चालवला जातो आणि तो प्रश्न सुटतो. त्यानंतर मात्र नेटवर्क कार्ड थोडा वेळ चालून गप्प होते, आवाज सुरू असताना फाइल कॉपी केली की यंत्र गोठते, किंवा विंडोज सुरू होताना काळ्या पडद्यापुढे जातच नाही. ईएमएम३८६ची ओळ काढली की कार्डे सुरळीत चालतात आणि मेमरी पुन्हा अपुरी पडते.

या फेऱ्यात सापडलेले बहुतेक जण मेमरी हा एक प्रश्न आणि कार्डे हा दुसरा प्रश्न असे धरून चालतात. माझ्या मते तक्रार पुन्हा पुन्हा उद्भवण्याचे मुख्य कारण हेच आहे. या यंत्रांवर मेमरी आणि कार्डे एकाच पत्त्यांच्या पट्ट्यात जागा मागतात, म्हणून आधी कार्डांचे पत्ते कायम करावेत, ते कागदावर लिहावेत आणि त्यानंतरच उरलेली जागा मेमरीसाठी वापरावी. उलट क्रमाने काम केले तर आज लावलेली सेटिंग पुढचे कार्ड बसवताच मोडते. जुन्या चाचणीयंत्राला जोडलेला, जुना डेटा वाचण्यासाठी राखून ठेवलेला किंवा केवळ हौसेने जपलेला असा संगणक ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी हा क्रम पुढे सविस्तर दिला आहे. आज्ञा आणि फाइलींची नावे इथे देवनागरीत लिहिली आहेत. यंत्रावर ती अर्थातच रोमन अक्षरांत टंकावी लागतील.

जागेची टंचाई कुठून येते

१९८१ साली आलेल्या आयबीएम पीसीतील ८०८८ या प्रोसेसरला पत्त्यांच्या २० वाहिन्या होत्या, त्यामुळे त्याला फक्त १ मेगाबाइट मेमरी दिसत असे. त्यातील खालचे ६४० किलोबाइट प्रोग्रॅमसाठी ठेवले गेले आणि वरचे ३८४ किलोबाइट पडदा, रॉम (चिपमध्ये कायमचे लिहिलेले प्रोग्रॅम) व कार्डे यांच्यासाठी राखले गेले. पुढे ३८६ आणि ४८६ यंत्रांवर ८ किंवा १६ मेगाबाइट रॅम बसू लागली, तरी डॉसने ही जुनी आखणी सोडली नाही. म्हणून १६ मेगाबाइट असलेल्या यंत्रावरही प्रोग्रॅमला ५५० किलोबाइट मिळत नाहीत अशी स्थिती येऊ शकते.

हायमेम.सिस १ मेगाबाइटच्या वरची मेमरी वापरण्यायोग्य करते. त्या मेमरीच्या अगदी सुरुवातीचा, ६४ किलोबाइटपेक्षा १६ बाइट कमी असा तुकडा डॉसला प्रत्यक्ष पोहोचता येतो, आणि १९९१च्या डॉस ५पासून डॉस=हाय ही ओळ डॉसचा बराचसा भाग तिथे हलवते. यात कार्डांशी कोणताही संघर्ष होत नाही, त्यामुळे ही पायरी निर्धास्तपणे करावी.

ईएमएम३८६चे काम वेगळे आहे. राखीव ३८४ किलोबाइटमधील जे पत्ते रिकामे दिसतात, त्यांच्या जागी हा प्रोग्रॅम ३८६ प्रोसेसरच्या पानरचनेचा उपयोग करून खरी रॅम आणून ठेवतो, आणि मग माऊस, सीडी-रॉम, नेटवर्क यांचे ड्रायव्हर तिथे हलवता येतात. मात्र पत्ता रिकामा आहे की नाही हे तो ठरवतो ते केवळ पाहणीवरून. कार्डावरील रॉम २ किलोबाइटच्या सीमेवर सुरू होते आणि तिच्या आरंभी ५५ एए अशी ओळखखूण असते. तेवढी ईएमएम३८६ला सहसा सापडते. काही कार्डांना मात्र रॉम नसते, त्यांच्यावर रॅमची एक खिडकी असते आणि ती खिडकी कार्डाचा ड्रायव्हर चालू होईपर्यंत बंद राहते. यंत्र चालू होताना वाचल्या जाणाऱ्या कॉन्फिग.सिस या फाइलीतून ईएमएम३८६ आधी येते, त्याला ती जागा मोकळी दिसते, तिथे तो रॅम मांडतो, आणि नंतर आलेला नेटवर्क ड्रायव्हर त्याच पत्त्यावर आपली खिडकी उघडायला जातो. त्या पत्त्यावर दुसरा ड्रायव्हर प्रत्यक्ष जाऊन बसला नसेल तर सारे काही काळ ठीक वाटते; बसला असेल तर पहिल्या मोठ्या फाइलीलाच यंत्र कोसळते. दोष अनियमित वाटतो तो यामुळेच, आणि केवळ ड्रायव्हरचा क्रम बदलल्याने तो काही दिवस नाहीसा झाल्यासारखा भासतो तोही यामुळेच.

आधी उघडे यंत्र, मग कागद

यंत्र चालू करताना डॉस सुरू होत असल्याचा संदेश दिसताच एफ५ दाबावे, म्हणजे कॉन्फिग.सिस आणि ऑटोएक्झेक.बॅट या दोन्ही फाइली वगळल्या जातात. या स्थितीत एमएसडी हा डॉससोबत येणारा तपासणी प्रोग्रॅम चालवून त्याचा मेमरीचा नकाशा पाहावा. ईएमएम३८६ चालू असताना हाच नकाशा पाहिला तर त्याने मांडलेली रॅमच दिसते आणि खरी स्थिती झाकली जाते. एमएसडीच्या आयआरक्यूच्या, म्हणजे कार्डाने प्रोसेसरचे लक्ष वेधण्याच्या रेषांच्या, पडद्यावर मात्र पूर्ण विसंबू नये. कोणत्या प्रोग्रॅमने ती रेषा ताब्यात घेतली आहे एवढेच त्याला कळते. ज्या कार्डाचा ड्रायव्हर अजून चालू झालेला नाही ते कार्ड कोणत्या रेषेवर जोडले आहे हे त्याला कळत नाही. त्यासाठी कॅबिनेट उघडून जंपर (कार्डावरील सेटिंगच्या छोट्या टोप्या) पाहणे, कार्डाची पुस्तिका वाचणे किंवा कार्डासोबत आलेला सेटिंगचा प्रोग्रॅम चालवणे याला पर्याय नाही.

कॅबिनेट उघडलेच आहे तर कार्डांचे सोनेरी संपर्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावेत. कोकण, गोवा आणि मुंबईच्या दमट हवेत वर्षानुवर्षे राहिलेल्या कार्डांचे संपर्क खराब झालेले असतात, आणि खराब संपर्काची लक्षणे चुकीच्या सेटिंगसारखीच दिसतात. हे आधी न केल्यास पुढची सारी तपासणी संशयास्पद ठरते.

कागदावर प्रत्येक कार्डासमोर चार गोष्टी लिहाव्यात : पोर्टचा (प्रोसेसर ज्या क्रमांकावरून कार्डाशी बोलतो त्याचा) पत्ता आणि कार्डाने व्यापलेल्या पोर्टांची संख्या, आयआरक्यू, डीएमए वाहिनी (प्रोसेसरला मध्ये न घेता मेमरीशी देवाणघेवाण करण्याचा मार्ग), आणि वरच्या ३८४ किलोबाइटमधील रॉम किंवा रॅमचा पत्ता. यातील पोर्टांची संख्या लिहायला बहुतेक जण विसरतात. ती का महत्त्वाची आहे हे पुढच्या उदाहरणात दिसेल.

तीन कार्डांचे उदाहरण

त्या काळी सर्वत्र वापरली गेलेली तीन आयएसए (त्या काळच्या मदरबोर्डवरील नेहमीच्या खाचेत बसणारी) कार्डे एकाच यंत्रात घेऊ : साउंड ब्लास्टर १६, एनई२०००शी सुसंगत नेटवर्क कार्ड, आणि अ‍ॅडाप्टेकचे एएचए-१५४२बी हे डिस्क जोडण्याचे स्कझी कार्ड. तिन्ही कार्डे मूळ सेटिंगवर ठेवून बसवली तर यंत्र अनेकदा चालूही होते, पण त्यात किमान तीन संघर्ष दडलेले असतात.

पोर्ट आणि मेमरीचे पत्ते सोळा-आधारी (हेक्स) आकड्यांत आहेत, ज्यांत ९नंतर ए ते एफ ही अक्षरे येतात. साउंड ब्लास्टर १६ मूळ सेटिंगवर २२० हा पोर्ट, आयआरक्यू ५, आठ बिटांच्या आवाजासाठी डीएमए १, सोळा बिटांच्या आवाजासाठी डीएमए ५ आणि मिडी या संगीताच्या जोडणीसाठी ३३० हा पोर्ट घेते. स्कझी कार्ड ३३० हा पोर्ट, आयआरक्यू ११ आणि डीएमए ५ घेते, शिवाय डीसी००० या पत्त्यापासून १६ किलोबाइटची रॉम मांडते. नेटवर्क कार्ड ३०० हा पोर्ट आणि आयआरक्यू ३ घेते. म्हणजे ३३० पोर्टवर आवाज आणि स्कझी समोरासमोर येतात, डीएमए ५वरही तीच दोन कार्डे भिडतात, आणि आयआरक्यू ३ ही रेषा तर कॉम२ या सिरियल पोर्टची आधीपासूनची आहे.

यातील डीएमएचा संघर्ष सर्वांत घातक आहे. आठ बिटांचा आवाज डीएमए १वरून जातो, त्यामुळे बहुतेक जुने खेळ आणि छोटे ध्वनी निर्धोक वाजतात आणि कार्डे व्यवस्थित असल्याचा समज होतो. ज्या क्षणी एखादा प्रोग्रॅम सोळा बिटांचा आवाज वाजवतो आणि त्याच वेळी स्कझी डिस्कवर लिहिणे चालू असते, त्या क्षणी यंत्र गोठू शकते किंवा डिस्कवरील माहितीच बिघडू शकते. म्हणून हा गुंता सोडवण्यास हात घालण्यापूर्वी डिस्कची प्रत काढून ठेवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आयआरक्यू ३चा संघर्ष त्यामानाने सौम्य दिसतो. आयएसए बसवर दोन कार्डांना एकच आयआरक्यू भरवशाने वापरता येत नाही. पण माऊस कॉम१वर, म्हणजे आयआरक्यू ४वर असेल आणि कॉम२ रिकामा असेल तर नेटवर्क महिनोन्‌महिने चालते. एखाद्या दिवशी कॉम२ला मोडेम जोडला जातो, नेटवर्क बंद पडते, आणि दोष मोडेमवर ढकलला जातो.

आता उपाय. पहिला विचार असा येतो की आवाजाच्या कार्डाचा मिडी पोर्ट ३३०वरून हलवावा. त्याला ३०० हा दुसरा पर्याय असतो, पण तिथे नेटवर्क कार्ड बसले आहे. मग नेटवर्क कार्ड ३२०वर न्यावे असे वाटते, आणि इथेच पोर्टांची संख्या आडवी येते. एनई२००० एक-दोन नव्हे, ३२ पोर्ट व्यापते. ३२०वर ठेवलेले कार्ड ३३एफपर्यंत पसरते, म्हणजे ३३० पुन्हा त्याच्या पोटात येतो. ३६०वर ठेवले तर ते ३७एफपर्यंत जाते आणि ३७८पासून सुरू होणाऱ्या प्रिंटर पोर्टवर बसते. अशा यंत्रावर नेटवर्कही चालते आणि प्रिंटरही चालतो, फक्त दोन्ही एकत्र चालत नाहीत. ३४० हा पत्ता सहसा मोकळा असतो.

माझी पसंती पुढील मांडणीला आहे. आवाजाचे कार्ड पूर्णपणे मूळ सेटिंगवर राहू द्यावे, कारण डॉसचे कितीतरी प्रोग्रॅम २२०, ५, १ आणि ३३० हेच आकडे गृहीत धरतात आणि बदललेले आकडे त्यांना सांगण्याची सोयच नसते. स्कझी कार्ड जंपरने ३३४ या पोर्टवर आणि डीएमए ६वर न्यावे; त्याला चार पोर्ट लागतात, ते ३३४ ते ३३७ मध्ये मावतात, आणि मिडीचे ३३० व ३३१ मोकळे राहतात. स्कझीला २३० हाही पर्याय असतो, पण साउंड ब्लास्टरच्या ज्या कार्डांवर पॅनासॉनिक सीडी-रॉमची जोडणी असते ती जोडणी २३० वापरते, म्हणून तो टाळावा. नेटवर्क कार्ड ३००वरच ठेवून फक्त त्याची आयआरक्यू १० करावी. सुसंगत कार्डांपैकी अनेकांवर १० मिळते; एखाद्या कार्डावर केवळ खालच्या आयआरक्यू असतील तर बायोसमधून (मदरबोर्डवरील रॉममधल्या सेटिंगच्या प्रोग्रॅममधून) किंवा आय/ओ कार्डावरील जंपरने कॉम२ बंद करून ३ त्यालाच द्यावी. नेटवर्कवरून बूट करायचे नसेल तर त्या कार्डावरील बूट रॉमही बंद ठेवावी, कारण ती विनाकारण वरच्या मेमरीत जागा अडवते.

आयआरक्यू ७ मोकळी आहे असे समजून तिथे कार्ड नेण्याचा मोह होतो, कारण डॉसमधील छपाई सहसा आयआरक्यू वापरत नाही. पण ती रेषा प्रिंटर पोर्टची आहे, शिवाय इंटरप्ट नियंत्रकाला एखादा खोटा संकेत आला तर तो याच क्रमांकावर उमटतो. दुसरी जागा मिळत असेल तर ७ सोडून द्यावी. आयआरक्यू २ आणि ९ या व्यवहारात एकच आहेत हेही ध्यानात असावे. एका कार्डाच्या पुस्तिकेत २ आणि दुसऱ्याच्या पुस्तिकेत ९ लिहिले असेल तर ती दोन कार्डे भिडलेली आहेत.

जंपर बदलून भागत नाही. आवाजाच्या कार्डाचे आकडे ऑटोएक्झेक.बॅटमधील ब्लास्टर या चलात असतात : सेट ब्लास्टर=ए२२० आय५ डी१ एच५ पी३३० टी६. नेटवर्कच्या ड्रायव्हरच्या ओळीतही नवी आयआरक्यू लिहावी लागते. कार्ड एक सांगते आणि फाइल दुसरे सांगते अशी स्थिती राहिली तर वरील सारी मेहनत वाया जाते.

आता वरची मेमरी

तिन्ही कार्डे ईएमएम३८६शिवाय, एकाच वेळी कामाला लावून तपासल्यावरच पुढे जावे. तपासणीसाठी आवाज वाजता ठेवून नेटवर्कवरून एक मोठी फाइल आणावी, ती परत पाठवावी, आणि मूळ फाइलीशी एफसी या आज्ञेने, तिच्या /बी पर्यायासह, बाइटन्‌बाइट ताडून पाहावी. फाइल कॉपी झाली एवढ्यावर समाधान मानू नये; बिघडलेली फाइलसुद्धा विनातक्रार कॉपी होते.

वरच्या ३८४ किलोबाइटचा सर्वसाधारण नकाशा असा असतो. ए००००पासून बीएफएफएफएफपर्यंत पडद्याची मेमरी, सी००००पासून सी७एफएफएफपर्यंत व्हीजीए कार्डाची रॉम, आणि एफ००००च्या वर यंत्राचे स्वतःचे बायोस. मधला सी८००० ते ईएफएफएफएफ हा पट्टा आपल्या वाट्याचा. आपल्या उदाहरणात स्कझीची रॉम डीसी०००ला आहे, म्हणून तिच्या खाली ८० किलोबाइट आणि तिच्या वर ई००००पासून ६४ किलोबाइट, असे मिळून १४४ किलोबाइट हाती लागू शकतात. एक्सपांडेड मेमरी (वरच्या पट्ट्यातील खिडकीतून तुकड्यातुकड्याने दिसणारी जादा मेमरी) मागणारा प्रोग्रॅम नसेल तर ईएमएम३८६ला नोईएमएस द्यावे. अन्यथा तिच्या खिडकीसाठी ६४ किलोबाइट जातात आणि उरतात ८०. ई०००० ते ईएफएफएफएफ हा भाग बहुधा आय= (हे पत्ते वापरावेत) या सूचनेने स्वतंत्रपणे मागावा लागतो, आणि काही मदरबोर्डांवर तिथे बायोसचाच तुकडा असतो, म्हणून तो सर्वांत शेवटी जोडून पाहावा.

कॉन्फिग.सिसच्या सुरुवातीच्या ओळी मग अशा होतात :

डिव्हाइस=सी:\डॉस\हायमेम.सिस
डिव्हाइस=सी:\डॉस\ईएमएम३८६.ईएक्सई नोईएमएस एक्स=डीसी००-डीएफएफएफ
डॉस=हाय,यूएमबी

दुसऱ्या ओळीतील एक्स= म्हणजे या पत्त्यांना हात लावू नये अशी सूचना. इथे एक गफलत फार सहज होते. कार्डाची पुस्तिका पत्ता पाच अंकी लिहिते, डीसी०००, आणि ईएमएम३८६ला तो शेवटचे शून्य गाळून चार अंकी हवा असतो, डीसी००. रॉम ओळखखुणेवरून बहुधा आपोआप सापडते हे खरे असले तरी ती लेखी वगळावी, असा माझा आग्रह आहे. ज्या कार्डावर रॅमची खिडकी आहे त्याच्या बाबतीत तर याला पर्यायच नाही. वेस्टर्न डिजिटलच्या ८०१३ जातीचे नेटवर्क कार्ड डी००००वर १६ किलोबाइटची खिडकी उघडत असेल, तर एक्स=डी०००-डी३एफएफ ही सूचना दिल्याशिवाय ते ईएमएम३८६सोबत भरवशाने चालणार नाही.

अशा कार्डासाठी बायोसमध्येही एक गोष्ट पाहावी. शॅडो या नावाखाली सी८०००, सीसी०००, डी०००० अशा तुकड्यांची यादी असते. रॉम जलद वाचता यावी म्हणून ती रॅममध्ये उतरवून घेण्याची ही सोय आहे. पण त्या पत्त्यावर कार्डाची बदलती रॅम असेल तर प्रोसेसर कार्डाऐवजी शिळी प्रत वाचत बसतो. व्हीजीए आणि बायोस यांचे शॅडो चालू ठेवावे, कार्डांच्या पट्ट्यातील सर्व शॅडो बंद करावेत.

पुस्तिका हरवली असेल आणि कोणता पत्ता वगळायचा हे ठाऊक नसेल तर अर्ध्यावर अर्धे करत शोधावे. आधी एक्स=ए०००-एफएफएफएफ देऊन सगळा पट्टाच वगळावा. यात वरची मेमरी काहीच मिळणार नाही, पण दोषाचे निदान होईल : दोष तरीही राहिला तर तो या पट्ट्याचा नाही, आणि पोर्ट, आयआरक्यू, डीएमए यांच्या कागदाकडे परत जावे. दोष गेला तर सी८०० ते डीएफएफएफ या ९६ किलोबाइटचे दोन भाग करावेत. एकदा फक्त सी८००-डी३एफएफ वगळावे, एकदा फक्त डी४००-डीएफएफएफ वगळावे, आणि ज्या खेपेला दोष नाहीसा होतो त्या भागाचे पुन्हा दोन भाग करावेत. हे काम ४ किलोबाइटच्या पानापर्यंत नेता येते, पण १६ किलोबाइटवर थांबणे शहाणपणाचे, कारण कार्डांच्या रॉम आणि खिडक्या बहुधा त्याच मापाच्या असतात. प्रत्येक खेपेला वर सांगितलेली फाइल ताडण्याची चाचणी पूर्ण करावी. यंत्र नुसते चालू झाले म्हणजे चाचणी झाली असे नाही.

डॉस ६सोबत आलेला मेममेकर वापरण्यास माझा विरोध नाही, पण तो कार्डे स्थिर झाल्यावर, कस्टम मार्गाने आणि वरच्या मेमरीचा आक्रमक शोध घ्यावा का या प्रश्नाला नकार देऊन चालवावा. आपण घातलेली एक्स= सूचना त्याने कायम ठेवली आहे ना हे नंतर फाइल उघडून पाहावे. परिणाम मानवला नाही तर मेममेकर /अंडू ही आज्ञा जुन्या फाइली परत आणते. हाताने मांडणी करायची असेल तर मोठे ड्रायव्हर आधी वर पाठवावेत. अनेक ड्रायव्हरना चढताना लागणारी जागा मुक्कामाला लागणाऱ्या जागेपेक्षा जास्त असते, आणि लहान ड्रायव्हर आधी गेले तर मोठ्याला सलग तुकडा उरत नाही. मेम /सी /पी ही आज्ञा कोण कुठे बसले आहे हे दाखवते.

आय=बी०००-बी७एफएफ ही सूचना देऊन एकरंगी पडद्याच्या पत्त्यातील ३२ किलोबाइट मिळवण्याची युक्ती बरीच प्रसिद्ध आहे. काही व्हीजीए कार्डे हा पट्टा स्वतः वापरतात आणि विंडोज ३.१लाही त्यासाठी वेगळा ड्रायव्हर द्यावा लागतो. पडद्याशी संबंधित जादा कार्ड असलेल्या यंत्रावर तर ही युक्ती करूच नये. पुण्याच्या सी-डॅकच्या जिस्ट कार्डामुळे डॉसमधील साध्या प्रोग्रॅमांत देवनागरी टंकता आणि वाचता येत असे, आणि त्या काळातील मराठी नोंदी आजही अशा यंत्रांवरून काढून घ्याव्या लागतात. त्या कामासाठी ठेवलेल्या संगणकावर ३२ किलोबाइटच्या हव्यासापेक्षा पडदा स्थिर राहणे कितीतरी मोलाचे आहे. असे कार्ड असल्यास वगळण्याचे पत्ते त्याच्या पुस्तिकेतून किंवा वर सांगितलेल्या अर्धे करण्याच्या पद्धतीने ठरवावेत.

स्कझी कार्ड आणि विंडोज

एएचए-१५४२बी हे कार्ड प्रोसेसरला न विचारता स्वतः मेमरीत लिहिते. ईएमएम३८६ आल्यावर प्रोग्रॅमला दिसणारा पत्ता आणि रॅममधील खरा पत्ता वेगळे होऊ शकतात, आणि कार्डाला यातील फक्त खरा पत्ता कळतो. म्हणून वरच्या मेमरीत हलवलेल्या ड्रायव्हरने वाचन मागितले की माहिती भलत्याच ठिकाणी जाऊन पडण्याचा धोका असतो. कॉन्फिग.सिसमध्ये स्मार्टड्राइव्ह या डिस्कचे काम जलद करणाऱ्या प्रोग्रॅमची ओळ /डबल_बफर या पर्यायासह घातली की माहिती आधी सुरक्षित जागी उतरते आणि मग पुढे दिली जाते. स्मार्टड्राइव्ह चालू झाल्यावर नुसते त्याचे नाव टंकले तर प्रत्येक ड्राइव्हसमोर बफरिंगचा रकाना दिसतो. त्यात होकार असेल तर ही ओळ आवश्यक आहे. आयएसएवरील अशा कार्डाला फक्त पहिले १६ मेगाबाइट गाठता येतात, त्यामुळे रॅम त्याहून अधिक असलेल्या यंत्रावर विशेष सावध राहावे.

डॉसमध्ये सारे स्थिर असून फक्त विंडोज बिघडत असेल तर सिस्टम.आयएनआय ही विंडोजची सेटिंगची फाइल उघडावी. विंडोज ३.१ आपल्या ३८६ एन्हान्स्ड स्थितीत मोकळ्या पट्ट्याचा शोध स्वतंत्रपणे घेते, म्हणून ३८६एन्ह या विभागात ईएमएमएक्सक्लूड=डी०००-डी३एफएफ अशी ओळ, आपल्या यंत्राच्या आकड्यांसह, जोडावी.

सेटिंग आपोआप परत बिघडत असल्यास

काही यंत्रांवर हे सर्व नीट लावूनही काही आठवड्यांनी, विशेषतः यंत्र बरेच दिवस बंद राहिल्यावर, जुनीच लक्षणे परत येतात. कॉन्फिग.सिस तपासली तर ती जशीच्या तशी असते. अशा वेळी तारीख पाहावी. तारीख मागे गेली असेल तर मदरबोर्डवरील बॅटरी संपली आहे आणि बायोस प्रत्येक वेळी मूळ सेटिंगवर जात आहे; म्हणजे बंद केलेले शॅडो पुन्हा चालू झाले आहेत आणि बंद केलेला कॉम२ आयआरक्यू ३ घेऊन परत आला आहे. याच कारणाने काही बायोसमधील १५ ते १६ मेगाबाइटमधील पोकळीची सोयही चालू होऊ शकते. ३२ मेगाबाइट बसवलेल्या यंत्रावर डॉसला अचानक १५च्या आसपास दिसू लागले तर तिथे पाहावे.

बऱ्याच जुन्या ४८६ मदरबोर्डांवर सोल्डर केलेली ३.६ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी असते. ती केवळ संपत नाही, तर गळते, आणि तिचा क्षार आसपासच्या तांब्याच्या रेषा खातो. हिरवट-पांढरा थर दिसताच ती काढून टाकावी, जागा पातळ व्हिनेगरने आणि मग अल्कोहोलने स्वच्छ करावी, आणि मदरबोर्डवर बाहेरच्या बॅटरीची जोडणी दिलेली असेल तर तिचा उपयोग करावा. त्या जोडणीवर चार्ज न होणारी बॅटरी लावताना मदरबोर्ड तिला चार्ज करायला जात नाही याची आधी खात्री करून घ्यावी. काही मदरबोर्डांवर घड्याळ आणि बॅटरी डॅलसच्या एकाच काळ्या चिपमध्ये असतात. तिथे ती चिपच बदलावी लागते. बॅटरी बदलल्यावर बायोसमध्ये शॅडो, कॉम२ आणि ती पोकळी या तीन जागा कागदावरील नोंदीप्रमाणे पुन्हा भरून जतन कराव्यात, आणि कागदाची एक प्रत कॅबिनेटच्या झाकणाला आतून चिकटवून ठेवावी.